दोन्ही हातांवर एकच चटका : एका विद्यार्थिनीच्या त्रिमितीय व्यक्तिरेखेचे परीक्षण

या टिपणात आपण एकच काम बारकाईने पाहणार आहोत. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सत्रभर खपून तयार केलेली ही एक त्रिमितीय व्यक्तिरेखा आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही. मी इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात शिकवतो आणि 'त्रिमितीय मॉडेलिंग व अ‍ॅनिमेशन' हा ऐच्छिक विषय गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. त्यामुळे रेषेबद्दल आणि रंगाबद्दल मी जे म्हणेन ते एका पाहणाऱ्याचे मत समजा. मेशबद्दल, म्हणजे जाळीबद्दल, जे म्हणेन ते मात्र स्वतःच्या फाइलमध्ये करून पाहा.

काम चांगले आहे हे आधीच सांगतो. कच्च्या कामाचे परीक्षण वाचून फारसे शिकायला मिळत नाही, कारण तिथे सगळेच बिघडलेले असते. चांगल्या कामात चूक कुठून शिरली हे शोधताना जास्त हाती लागते.

तिने निवडलेली व्यक्ती म्हणजे रस्त्याकडेला कपड्यांना इस्त्री करणारा साठीचा माणूस. इंदूरमध्ये त्याला प्रेसवाला म्हणतात. तुमच्या गावात नाव वेगळे असेल, पण झाडाखालची ती गाडी, तिच्यावर अंथरलेली चादर आणि कोळशाची जड इस्त्री तुम्ही पाहिलेली असणार. आमच्या महाविद्यालयाजवळ असे एक चाचा उभे असतात. ती दोन आठवडे रोज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या गाडीजवळ बसली. सत्राच्या शेवटी तिने तेवीस पानांची रेखाटने, मॉडेलची ब्लेंडर फाइल, एक टेक्स्चर आणि एक अंतिम रेंडर असे सादर केले.

रेखाटनांपासून सुरुवात करू. पहिली पाच-सहा पाने नवशिक्याची आहेत. माणूस कपड्यांच्या आत उभा न राहता कपडेच उभे असल्यासारखे वाटते. सातव्या पानावर मात्र तिला तो सापडला आहे. चाचा इस्त्री पुढे ढकलत आहेत. डावा पाय पुढे, सगळा भार त्याच्यावर, उजवी टाच जमिनीवरून जेमतेम सुटलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली. डावा हात इस्त्रीच्या पुढे पुढे सरकत सुरकुती मोडतो आहे आणि त्याच हाताच्या मनगटाच्या वर दोन जुने चटके आहेत. हात सतत इस्त्रीच्या वाटेत असतो, तेव्हा चटका त्याच हाताला बसणार. उजवी कलाई डावीपेक्षा जाड. हे सगळे पेन्सिलीच्या साठ-सत्तर रेषांत आहे. चेहरा तर जवळपास नाहीच. एक नाक आणि दाढीची कड. तरी हा माणूस काय काम करतो हे इस्त्री झाकून ठेवली तरी कळेल. पुढच्या पानांवर तिने हाच खांदा पुन्हा पुन्हा काढला आहे. चहा पिताना, पैसे मोजताना, गिऱ्हाइकाशी बोलताना. प्रत्येक वेळी तो खालीच आहे. म्हणजे ही त्या क्षणाची ढब नव्हती. वर्षानुवर्षांच्या कामाने शरीराला पडलेले ते वळण आहे, आणि ते तिने ओळखले होते.

आता अंतिम रेंडर. तिन्हीसांजेचा नारिंगी उजेड मागून येतो, पुढून थोडी निळसर सावली. चाचा ताठ उभे आहेत, पाय समान अंतरावर, नजर कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी दूर. उजव्या हातात इस्त्री खाली लोंबती धरली आहे, जणू तलवार म्यानात घालण्यापूर्वीची. दाढीचे केस, बंडीच्या कापडाची वीण, इस्त्रीवरचा गंज, सगळे उत्तम. परीक्षक समितीतल्या आम्हा तिघांनाही ते आवडले. पन्नासपैकी शेहेचाळीस गुण गेले, आणि त्यातले माझ्या सहीचेही आहेत.

निकाल लागल्यावर आठवड्याभराने मी पुढच्या वर्गाला दाखवायला म्हणून तिची फाइल उघडली. रेंडरचा कॅमेरा सोडून मॉडेल गोल फिरवले. डाव्या हातावर दोन चटके होते, रेखाटनात होते तसेच. उजव्या हातावरही दोन चटके होते. त्याच जागी, त्याच आकाराचे, आरशात पाहावेत तसे. रेंडरमध्ये उजवा हात आत वळवलेला असल्याने ते दिसत नव्हते. मग मी खांदे पाहिले. दोन्ही एका रेषेत. कलाया सारख्या. टाचा जमिनीवर. सातव्या पानावरचा माणूस या फाइलमध्ये कुठेच नव्हता.

तिला बोलावून विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "रेंडरमध्ये दिसत नाही, सर."

तिचे उत्तर खरे होते, आणि त्यानेच मला जास्त अस्वस्थ केले. आधी हे घडते कसे ते पाहू, मग जबाबदारीकडे येऊ.

माणसाचे मॉडेल करताना आपण सहसा अर्धेच शरीर करतो. मिरर मॉडिफायर लावला की उरलेले अर्धे एक्स अक्षाभोवती आपोआप उमटते. यात आळस नाही, शहाणपणा आहे. मेहनत निम्मी होते, मधली शिवण नीट जुळते, आणि पुढे रिगिंग करताना हाडांना डॉट एल, डॉट आर अशी नावे दिली की एका बाजूचे काम दुसऱ्या बाजूला उलटवता येते. हात बाजूला पसरलेल्या टी-पोझमध्ये किंवा थोडे खाली उतरलेल्या ए-पोझमध्ये मॉडेल करण्याचे कारणही असेच आहे. काखेची, कोपराची जाळी मोकळी दिसते आणि वेट पेंटिंग सोपे जाते. मी स्वतः तिसऱ्या व्याख्यानात हेच शिकवतो आणि यापुढेही शिकवणार आहे.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. यूव्ही म्हणजे त्रिमितीय पृष्ठभागाची सपाट घडी उलगडणे. शिंपी सदरा उसवून कापडाचे तुकडे टेबलावर पसरेल, तसे. मिरर मॉडिफायर चालू असताना तुम्ही अर्ध्याच शरीराची घडी उलगडता. उलटलेले अर्धे त्याच तुकड्यांवर येऊन बसते. डावा हात आणि उजवा हात टेक्स्चरच्या एकाच जागेतून रंग घेतात. फायदा स्पष्ट आहे. २०४८ बाय २०४८ पिक्सेलच्या एका चित्रात दुप्पट तपशील मावतो. तोटाही तितकाच स्पष्ट आहे. एका हातावर डाग काढलात की तो दोन्हीकडे उमटतो. तिने मिरर शेवटपर्यंत अप्लाय केलाच नाही. रंगकाम झाले, रिग झाले, रेंडर झाले, तो तसाच चालू राहिला. गंमत म्हणजे चाचांच्या खांद्यावरचा गमछा तेवढा एकाच बाजूला आहे, कारण तो वेगळा ऑब्जेक्ट होता आणि त्याला मिरर लावायचा प्रश्नच आला नाही. संपूर्ण मॉडेलमध्ये सातव्या पानावरून आलेली तेवढी एक गोष्ट उरली.

म्हणजे हा माणूस कोणी जाणूनबुजून सरळ केला नाही. एक सोयीची खूण चालू राहिली आणि तिने त्याचे वळण पुसले. सॉफ्टवेअर आपल्यासाठी असे निर्णय मुकाट्याने घेत असते. टी-पोझ 'हा ताठ उभा राहतो' असे ठरवते. तयार बेस मेश 'याचे खांदे इतके रुंद' असे ठरवते. तुम्ही ते बदलले नाहीत, तर तो निर्णय तुमचाच धरला जातो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सममिती मेशमध्ये असली म्हणून काय बिघडले? व्यक्तिरेखा जिवंत होते ती पोझने आणि हालचालीने. याचे उत्तम उदाहरण पिक्सारचा 'गेरीज गेम' हा १९९७ चा लघुपट. जान पिंकावा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एक म्हातारा बागेत बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळतो. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सबडिव्हिजन सरफेसच्या कल्पनेचा पिक्सारने या म्हाताऱ्याचे डोके, हात आणि कोट घडवायला उपयोग केला. आज ब्लेंडरमध्ये तुम्ही जो सबडिव्हिजन मॉडिफायर लावता त्याच्या मुळाशी तीच पद्धत आहे. गेरी एका बाजूला बसतो तेव्हा बुजरा असतो. उठून दुसऱ्या बाजूला जातो, चष्मा काढतो आणि एकदम आक्रमक होतो. शरीर तेच, माणूस दुसरा. मान किती पुढे, खांदे किती आवळलेले, हात सोंगटीकडे किती झटकन जातो, एवढ्यावर सारे चालते. चित्रपट शोधून पाहा. जेमतेम पाच मिनिटांचा आहे.

आक्षेप निम्मा मान्य आहे. त्यातूनच एक भेद करता येतो, आणि तो मी या कामापूर्वी वर्गात कधी नीट केला नव्हता. शरीराची काही असमानता त्या क्षणाची असते, काही कायमची. उचललेली टाच क्षणाची आहे. ती पोझमध्ये येईल, मेशमध्ये शोधू नये. जाड कलाई कायमची आहे, चटका कायमचा आहे. ते मेशमध्ये आणि टेक्स्चरमध्येच हवेत. खाली उतरलेला खांदा मधला आहे. तो कायमचा आहे, पण रिगच्या हाडावरून आणलेला बरा. गेरीला कायमचे वळण लागलेले नाही, त्याचे दोन स्वभाव आहेत, म्हणून त्याचे पोझवर भागते. इस्त्री करणाऱ्याचे भागत नाही. तो चहा पितानाही इस्त्री करणाराच दिसतो, हेच तर तिने वहीत पकडले होते.

आपल्याकडचे एक उदाहरण घ्या. मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२६ साली सापडलेली 'नर्तकी' म्हणून ओळखली जाणारी कांस्यमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची सुमारे साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोबाइलपेक्षा लहान. तिचा उजवा हात कमरेवर आहे आणि त्यात चारच कंकणे. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. आता मनातल्या मनात तिला मिरर मॉडिफायर लावा. उजवी बाजू ठेवलीत तर दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडायला उभी राहिलेली बाई मिळते. डावी ठेवलीत तर दोन्ही हात दागिन्यांनी जखडलेले दिसतात. मूर्तीत जो बेफिकीर तोरा आहे तो दोन्हीकडे नाही. मेणाचा साचा वितळवून धातू ओतणाऱ्या त्या कारागिराने प्रत्येक बांगडी स्वतंत्रपणे वळली असणार. त्याच्यापाशी मिररची सोय नव्हती म्हणून त्याला प्रत्येक हाताचा विचार वेगळा करावा लागला. आपल्यापाशी सोय आहे, म्हणून तो विचार आपल्याला मुद्दाम आठवावा लागतो.

आता हालचालीकडे. परीक्षणापूर्वी मी करायला हवी होती ती चाचणी नंतर केली. मॉडेलला सातव्या पानाची पोझ दिली. उजवा हात पुढे, कोपर थोडे वाकलेले, मनगट खाली वळलेले. खांदा लगेच कोसळला. काखेजवळ जाळी आत घुसून चुरगळली, कारण खांद्याभोवती एज लूप दोनच होते आणि ते आडवे गेले होते. हात बाजूला नुसता लोंबकळत ठेवायला ते पुरतात, पुढे ढकलायला पुरत नाहीत. कोपरावर तिने तीन लूप दिले होते. तिथे घडी नीट पडली. मनगटाजवळचा बिघाड तुम्हीही पाहिला असेल. हाताचा पंजा फिरवला की कलाई गोळीच्या कागदासारखी पिळून बारीक होते. प्रत्येक बिंदू दोन हाडांच्या फिरण्याची सरळ सरासरी घेतो म्हणून असे होते. ब्लेंडरच्या आर्मेचर मॉडिफायरमध्ये 'प्रिझर्व्ह व्हॉल्यूम' ही खूण लावली की पीळ सुधारतो, पण वाकलेल्या सांध्यावर कधी कधी गाठ फुगते. इथे कोपरावर ती फुगलीच. माझ्या मते खूण न लावता कलाईच्या मध्यावर एक वेगळे ट्विस्ट हाड देणे जास्त बरे. काम थोडे वाढते, पण पीळ लांबीभर वाटला जातो.

त्रिकोणांची वाटणीही बोलकी आहे. एकूण अडतीस हजार त्रिकोण, त्यातले चौदा हजार एकट्या डोक्यात, आणि डोक्याचा अर्धा भाग दाढीखाली झाकलेला. दोन्ही खांदे मिळून दीड हजारही नाहीत. जिथे पाहणाऱ्याची नजर जाईल तिथे तिने खर्च केला, हे तर्काला धरून आहे. पण या माणसाची गोष्ट खांद्यात आहे, चेहऱ्यात नाही, हे तिच्याच वहीने सांगितले होते.

इस्त्री मात्र अप्रतिम आहे. इतके नेटके प्रॉप मी विद्यार्थ्यांच्या कामात फार कमी पाहिले आहे. झाकणाची बिजागरी, पुढची कडी, बाजूची हवेची भोके, घामाने काळपट झालेली लाकडी मूठ. मूठ तर एका बाजूनेच जास्त झिजलेली दाखवली आहे. लक्षात घ्या, इस्त्रीला तिने मिरर लावला नव्हता. वस्तूच्या झिजेकडे तिचे डोळे उघडे होते. ती झीज करणाऱ्या हाताकडे मात्र सॉफ्टवेअरने तिला पाहू दिले नाही.

तिने रेंडर चाचांना मोबाइलवर दाखवले होते. हे मला तिने फार उशिरा, जरा संकोचाने सांगितले. त्यांनी स्वतःकडे फारसे पाहिलेच नाही. इस्त्रीकडे बोट दाखवून म्हणाले, अशी लोंबती धरली तर कडी सुटेल आणि निखारे पायावर पडतील. रेंडरवर आलेला हा सर्वांत नेमका अभिप्राय आहे. आम्हा तिघा परीक्षकांपैकी एकालाही तो सुचला नाही.

मी विचारले, मग असे का उभे केलेस? ती म्हणाली, मला त्यांना सन्मान द्यायचा होता. वहीत ते वाकलेले, बिचारे दिसतात असे तिला वाटले. इथे माझे तिच्याशी मतभेद आहेत, आणि तुम्हीही यावर विचार करावा. मागून नारिंगी उजेड, खालून वर पाहणारा कॅमेरा, दूरवर नजर, ही भाषा खेळांच्या जाहिरातींतून आलेली आहे. योद्ध्यासाठी घडलेला साचा कष्टकऱ्यावर चढवला की तो कष्टकरी राहत नाही, योद्धाही होत नाही. सातव्या पानावरचे चाचा मला बिचारे दिसत नाहीत. पाच-सहा किलोचे धगधगते लोखंड ते एका हाताने सरळ रेषेत नेत आहेत, आणि दुसरा हात त्याच्यापुढे बोटभर अंतरावर ठेवत आहेत. त्या अंतराची खात्री त्यांना आहे. त्या रेखाटनात कौतुक आहे, तेही बारीक पाहण्यातून आलेले. तिच्या पेन्सिलीने दिलेला सन्मान तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, असे मला वाटते. ती मात्र अजून पूर्ण सहमत नाही. त्यांना विचारले असते तर त्यांनी ताठ उभे राहूनच फोटो काढून घेतला असता, असे ती म्हणते. हेही खरे असू शकते. आपल्यापैकी कितीजण ओळखपत्राच्या फोटोला वाकून बसतात?

राहिला जबाबदारीचा भाग. 'रेंडरमध्ये दिसत नाही' हे उत्तर मीच तिच्या तोंडी घातले होते. माझी गुणपत्रिका अशी होती: टोपोलॉजी १५, यूव्ही व टेक्स्चर १०, अंतिम रेंडर १५, रेखाटने १०. प्रत्येक रकाना वेगळा. रेखाटनाला तिला नऊ मिळाले आणि त्यातला माणूस मॉडेलमध्ये आला की नाही हे विचारणारा रकानाच नव्हता. यूव्हीच्या रकान्यात 'जागेचा काटकसरीने वापर' असे मी लिहिले होते. एकावर एक बसवलेल्या हातांना त्यात पूर्ण गुण पडतात, आणि पडले. हुशार विद्यार्थी गुणपत्रिका आधी वाचतात. तिनेही वाचली. यंदापासून रेंडरचे १५ गुण ७ केले आहेत आणि ८ गुण पोझ चाचणीला ठेवले आहेत. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतील एक पान मी निवडतो आणि मॉडेलने माझ्यासमोर त्या ढबीत उभे राहायचे. दिलेले गुण परत घेण्याचा प्रश्न नव्हता. नियमांप्रमाणे ते तिचेच आहेत.

तुमच्या कामात हे कसे टाळायचे? क्रम सांगतो. अर्धे शरीर करा, मिरर लावा, एज लूप जुळवा, इथपर्यंत नेहमीप्रमाणेच. यूव्ही उलगडल्यावर, रंगकामाला हात लावण्यापूर्वी, मिरर अप्लाय करा. मग वहीतील पाने समोर ठेवा आणि कोणते अवयव दोन्हीकडे वेगळे आहेत ते पाहा. तेवढ्याच अवयवांचे यूव्ही तुकडे वेगळे करून टेक्स्चरमध्ये स्वतंत्र जागी हलवा. पाठ, पोट, पायजमा एकावर एक राहिले तरी चालतील. चाचांच्या बाबतीत दोन कलाया आणि दोन पंजे वेगळे करायला टेक्स्चरची फारच थोडी जागा लागली असती. जाड कलाई शेप की म्हणून करा. तिची मात्रा शून्यावर नेली की सममित शरीर परत मिळते आणि वेट पेंटिंग उलटवता येते. शेप की मिरर अप्लाय करण्याआधी केलीत तर मात्र फसाल. ब्लेंडर मग मिरर अप्लाय करू देत नाही, आणि हे लक्षात येते सादरीकरणाच्या आदल्या रात्री. खांदा गळपट्टीच्या हाडावरून खाली आणा आणि ती स्थिती या माणसाची 'विश्रांतीची' पोझ म्हणून जपून ठेवा. पुढची प्रत्येक ढब तिथून सुरू होईल.

एक धोकाही आहे. हे वाचून एका डोळ्यावर पट्टी, एका गालावर वण, एक बाही फाटलेली असे काही करू नका. गेल्या वर्षी एका गटाच्या पाचही व्यक्तिरेखांच्या डाव्या भुवईला छेद होता. का, विचारले तर 'कॅरेक्टर यावे म्हणून'. कशामुळे झाले हे सांगता येत नसेल तर तो वण रंगवू नका. चटका डाव्या हातावरच का, याचे उत्तर या विद्यार्थिनीपाशी होते, कारण ती दोन आठवडे तिथे बसली होती.

सुट्टीत तिने सुधारलेली फाइल पाठवली. तिला गुण मिळणार नव्हते. मी मागितलीही नव्हती. उजवी कलाई आता कोरी आहे, तिच्यावर फक्त घामाची चकाकी. खांदा उतरला आहे, माझ्या मते किंचित जास्तच, पण वहीशी ताडून पाहिले तर तिचेच बरोबर निघेल अशी शंका येते. खांद्याभोवती एज लूप पाच केले आहेत आणि हात पुढे ढकलला तरी काख आता चुरगळत नाही. प्रकाश मात्र अजून नारिंगीच आहे. आणि गाडी चाचांच्या कमरेपेक्षा वितभर उंच राहिली आहे. एवढ्या उंचीवर इस्त्रीवर अंगाचा भार टाकता येत नाही, आणि भार न टाकता तो खांदा असा उतरणार नाही. तिला तेवढे कळवले आहे: एकदा टेप घेऊन जा आणि गाडी मोजून ये.